रविवारचं विमान

सोनागिरीच्या घराला रंग द्यायचा म्हणून मावशीनं मला सामान उतरवायला बोलावलं. तिचे गुडघे दुखतात, काकांना शिडीवर चढायची डॉक्टरांनी मनाई केली आहे आणि मुलं दोन्ही बाहेरगावी. शहराच्याच दुसऱ्या भागातून, शिवाजी नगरहून, मी सकाळीच जाऊन पोचले. छताखालच्या सिमेंटच्या फळीला आमच्याकडे सगळे टांडच म्हणतात. त्या टांडेवरून मी एकेक वस्तू खाली देत होते आणि मावशी 'ठेव', 'टाक' असा निकाल देत होती. इडलीचं जुनं भांडं, जळलेला मिक्सर, लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला टी-सेट. सगळ्यात मागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी फार हलकं हाताला लागलं. उलगडलं तर विमान.

माझं विमान! मी शिडीवरच बसले.

हातभर लांब, कापसासारख्या हलक्या लाकडाच्या काड्यांचं, वर पतंगाच्या कागदासारखा पिवळा कागद, नाकावर छोटासा पंखा. आत असायचं ते रबर वितळून कधीच काळं चिकट झालं होतं.

"अगं, हे तर आईनं फेकून दिलं होतं ना?"

"तसं तुला सांगितलं होतं," मावशी म्हणाली आणि काकांकडे बघायला लागली. काकांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही, पण त्यांचं वाचनही पुढे सरकेना.

मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे अंगण, मेंदीचं कुंपण. बाबा कारखान्यात टेक्निशियन होते. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, बी.एड. करायला उज्जैनहून आमच्याकडे राहायला आली होती. एका रविवारी बाबा एका तरुण इंजिनियरला जेवायला घेऊन आले. पुण्याकडचा मुलगा, नुकताच ट्रेनिंगला आलेला, होस्टेलच्या जेवणाला कंटाळलेला. तेच हे काका. मला त्यांना 'काका' म्हणायला सांगितलं ते तेव्हापासूनच. पुढे नातं त्या हाकेला येऊन मिळालं.

पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "ताई, भाजी जळून राहिली आहे!"

काका हसून म्हणाले, "जळून राहत नाही हो, जळते आहे म्हणायचं."

"तुमचं व्याकरण होईपर्यंत कोळसा होईल तिचा," मावशी आतून म्हणाली. आई घाबरली, बाबा पोट धरून हसले, आणि पुढच्या रविवारी काका न बोलावता आले.

येताना त्यांनी माझ्यासाठी विमानाचं सामान आणलं होतं. पुण्याला असताना त्यांना याचा फार नाद होता. दोन-तीन रविवार ते अंगणात बसून काड्या कापत, चिकटवत राहिले. मी शेजारी बसून हजार प्रश्न विचारायचे आणि ते प्रत्येकाचं उत्तर द्यायचे. मग एका संध्याकाळी क्वार्टरांच्या मागच्या मैदानात आम्ही ते उडवलं. मी पंखा फिरवून फिरवून रबराला पीळ दिला, काकांनी विमान डोक्यावर धरलं आणि अलगद सोडलं. ते खरंच उडालं! क्रिकेट खेळणारी मुलं खेळ सोडून त्याच्या मागे पळाली. मावशी कुंपणाशी उभी होती. "पुण्याचं असूनही उडलं बरं का," ती म्हणाली. काकांचे कान लाल झालेले मी बघितले.

विमान पलंगाखाली ठेवायचं ठरलं. आणि मग ते मोडायला लागलं. कधी पंखाचा कागद फाटलेला, कधी शेपटीची काडी तुटलेली. आई मलाच रागवायची. "किती वेळा सांगितलं, हात लावू नकोस म्हणून!" मी रडून सांगायचे की मी नाही केलं. शेवटी शेजारणीच्या मांजरीवर आळ गेला. तिला आमच्या घराची बंदी झाली.

रविवारी काका गोंद घेऊन यायचे. चिकटवलेला पंख सुकेपर्यंत हातात धरून बसावं लागायचं, आणि माझे हात हलतात म्हणून ते काम मावशीकडे गेलं. दोघं समोरासमोर बसून मराठीवरून भांडायची. मला मधूनच कुणीतरी पाणी आणायला पाठवायचं.

मग काकांची दूर दक्षिणेतल्या कारखान्यात बदली झाली, आणि थोड्याच दिवसांत मावशीचं त्यांच्याशी लग्न ठरलं. उज्जैनला लग्नात मी भरपूर जिलेबी खाल्ली. परत आल्यावर विमान दिसेना. "मोडकं झालं होतं, टाकलं," आई म्हणाली. मी दोन दिवस रुसले आणि मग विसरले.

आता ते माझ्या मांडीवर होतं. पंखावर जागोजागी ठिगळं होती, काही पिवळी, काही चक्क वहीच्या कागदाची.

"केवढी वाट लावली होती त्या मांजरीनं," मी म्हणाले.

काकांनी पेपर खाली ठेवला. उठून आले आणि डाव्या पंखाच्या बुंध्याशी असलेल्या जाड सांध्यावर बोट ठेवलं. "हे मांजरीचं नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय."

"गप्प बसा," मावशी म्हणाली.

"बदलीची ऑर्डर आली तेव्हा निरोप घ्यायला आलो होतो. तू शाळेत होतीस. ही म्हणाली, विमान बिघडलंय. मी बघितलं, अगदी नीट होतं. तसं म्हणालो. तर हिनं माझ्या हातातून घेतलं आणि कट्‌कन पंख मोडला. म्हणाली, आता?"

मावशी पदरानं तोंड झाकून हसायला लागली. सत्तरीच्या जवळ आलेली बाई, पण गाल पार लाल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गोंद मागितला. तो सुकेपर्यंत हिला लग्नाचं विचारून टाकलं."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे आधीचंसुद्धा? मावशी, मी मार खाल्लाय त्यासाठी!"

"मार नाही, बोलणी. आणि सगळं मी नाही हं मोडलं. शपथ. शेपटी तर मी कधीच तोडली नाही. माझी परीक्षा होती त्या आठवड्यात."

मग मी इंदूरला फोन लावला; आई तिथे माझ्या भावाकडे असते. आईला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर ओरडून विचारलं, "आई, पिपलानीत माझ्या विमानाची शेपटी कुणी तोडली होती?"

"सापडलं का ते?" आई म्हणाली. "अगं, ती पुस्तकात डोकं घालून बसली होती, आणि हा मुलगा लाजाळू. काही कारण नको का यायला? एक काडी मोडली, झालं."

"आणि वर मला रागावलीस!"

"मग कुणाला रागवायचं? तिला रागावले असते तर तिला कळलं असतं ना, की मला कळलंय." जराही खंत नव्हती आवाजात. "साहेब आहेत का तिथे? दे जरा त्यांना."

आई काकांना अजून 'साहेब' म्हणते. काका फोन घेऊन गॅलरीत गेले. "नाही हो ताई, मला खरंच मांजर वाटली," असं त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. मावशी डोळे पुसत होती, हसून हसून आलेलं पाणी असावं. मी विमान तिच्या हातात दिलं आणि पुन्हा शिडीवर चढले. रंगवाले दुपारी येणार होते आणि टांडेचा अर्धा भाग अजून तसाच होता.