उद्याच्या बोटीने जा

अमोर्गोस बेटावर ऑगस्टात बोट येणार की नाही, हे बंदरातल्या ऑफिसात कुणी विचारत नसे. विचारायचं ते मारूसाला. चार खोल्या प्रवाशांना देणारी ही म्हातारी अंगणात यायची, डोंगराकडे बघायची आणि सांगून मोकळी व्हायची. माथ्यावर पांढरा ढग टोपीसारखा बसला, की दुसऱ्या दिवशी मेल्तेमी सुटणारच. उत्तरेचा उन्हाळी वारा तो. वर आभाळ लख्ख निळं आणि खाली समुद्र पिसाळलेला. चाळीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता, आणि त्याचा तोराही भारी. "रेडिओवाले गप्पा मारतात, मी डोंगर बघते," म्हणायची.

त्या वर्षी डेन्मार्कची बिर्ते तिसऱ्यांदा आली होती. मारूसाच्या भाज्या चिरायची, तिला मावशी म्हणायची. चौदा ऑगस्टला सकाळी तिला घरून फोन आला. आई दवाखान्यात होती, आता फार दिवसांची नव्हती.

"मावशी, आज संध्याकाळची बोट धरू, की उद्याची चालेल?"

मारूसाने वर पाहिलं. ढग चांगला घट्ट बसला होता. पण दुसऱ्या दिवशी मरियममातेचा सण, बोकड कापून झालेला, आणि दोन्ही मुलगे तिकडे मेलबर्नला. सहा वर्षं सणाच्या ताटाशी ती एकटी बसत होती.

"उद्याच जा गं पोरी. समुद्र तेलासारखा असेल बघ. दोन घास खाऊन जा."

सण झाला. बोट आली नाही. पाच दिवस आली नाही, आणि चौथ्या दिवशी बिर्तेची आई गेली.

मारूसा स्वयंपाकघरात दार लावून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होती. मेले, जीभ कशी झडली नाही तुझी! सांगायला म्हणून दारापर्यंत जाई आणि परत फिरे. त्यात शेजारचा स्तामातिस कुंपणावरून ओरडला, "काय मारूसा, या खेपेला डोंगराने फसवलं वाटतं तुला?" ती हसली. हसली, बाई! त्या हसण्याची लाज तिला मेल्याहून मेल्यासारखं करून गेली.

सहाव्या दिवशी वारा पडला. धक्क्यावर बिर्ते तिच्या गळ्यात पडून रडली. "तू जिवाला लावून घेऊ नकोस, मावशी. तू होतीस म्हणून हे दिवस निघाले माझे. वाऱ्याचं कुणाला कळतं?"

आत्ता सांग, मारूसा स्वतःला म्हणत होती, आत्ता नाही तर कधीच नाही. बोटीचा भोंगा वाजला.

"खरंय गं पोरी," ती म्हणाली. "वाऱ्याचं कुणाला कळतं."