वर साय, खाली पाणी

आधी चहा घ्या. कारण हे ऐकून तुम्ही मला शिव्या घालणार आहात आणि कोरड्या घशाने शिव्या नीट निघत नाहीत!

माझं डोंबिवली पूर्वेला दुधाचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. पहाटे टेम्पोतून कॅन उतरतात, मी नुसतं झाकण उघडून सांगतो, हे चांगलं, हे परत ने. गिऱ्हाईकं म्हणतात, "काय नाक आहे हो तुमचं!" आता काय सांगू? या नाकानेच माझा घात केला.

झालं असं, माझी मुलगी मुक्ता जेमतेम पालथी पडायला लागलेली आणि माझ्या बायकोच्या, नेहाच्या मानेत गाठ लागली. साधी गाठ नव्हती. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "उपचार लगेच सुरू करू. आणि औषध सुरू झालं की बाळाला अंगावरचं बंद."

नेहाने स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं काय? "मग त्याच्या आधी काढून ठेवलेलं चालेल?"

चालेल म्हणाल्या. मग काय! ही बाई दिवसभर पंप घेऊन बसायला लागली. डोळ्यांतून पाणी चाललंय, पण हात थांबत नाही. आमच्या फ्रीजरमधून आइस्क्रीम गेलं, मटार गेले, सासूबाईंनी आंबिवलीहून आणलेले बोंबील शेजारच्यांकडे मुक्कामाला गेले. उरल्या फक्त दुधाच्या छोट्या छोट्या चपट्या पिशव्या. कारण मुक्ता पावडरच्या दुधाला तोंड लावत नव्हती. चमचा पुढे केला की फुर्रर्र! सगळं माझ्या चष्म्यावर. हळूहळू सवय लावू, तोवर हे पुरेल, असं ठरलेलं.

पहिल्या औषधाच्या दिवशी नेहा तिच्या भावाबरोबर ठाण्याला हॉस्पिटलात निघाली. मी म्हटलं, मी येतो.

"तू घरी थांब. आईला त्या पिशव्यांचं जमणार नाही. तू दूधवाला आहेस ना?"

चप्पल घालता घालता तिने पाठ घेतला. "गॅसवर ठेवायचं नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. घाई असली तर बंद पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची. हाताला कोमट लागेल एवढंच, कडकडीत नको. आणि मग बाटलीत ओतायच्या आधी..."

"अगं जा तू," मी म्हटलं. "दुधाचं मला सांगतेस?"

ते पुढचं वाक्य मी ऐकून घेतलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं. आणि किती बरं झालं असतं!

दुपारी मुक्ता उठली ती भोकाड पसरूनच. मी एक पिशवी काढली, कोमट पाण्यात सोडली. अगदी सांगितल्याबरहुकूम. बघता बघता बर्फ विरघळला. पिशवी उजेडात धरली. वर पिवळट थर, खाली निळसर पाणी! उघडून वास घेतला. साबणासारखा.

"आई, दूध फाटलं!"

सासूबाई मुक्ताला खांद्यावर घेऊन आल्या. "आँ? आता कालच तर ठेवलेला ना?"

"सकाळी लाईट गेलेली ना, त्यात गेलं."

"अवो, पन तिला फोन लावून तर बघा."

"तिच्या हाताला सुई असेल आई. तिथे पडल्या पडल्या हे ऐकवायचं तिला?"

ओतलं सिंकमध्ये. दुसरी पिशवी. तसंच! तिसरी. तसंच! मग माझं डोकंच फिरलं. एखादी तरी चांगली निघेल म्हणून फ्रीजरमधल्या सगळ्या पिशव्या काढल्या, टब भरून कोमट पाणी घेतलं आणि सगळ्या त्यात टाकल्या. आता मला सांगा, ज्या पिशव्या फ्रीजरमधून दगडासारख्या गोठलेल्या निघाल्या, त्या लाईट गेल्यामुळे खराब कशा होतील? हे मला कळायला नको? नाही कळलं. मी एकेक उघडत होतो, हुंगत होतो, ओतत होतो. मागे मुक्ता रडून लालबुंद. सासूबाई तिला थोपटत "ओ ओ ओ" करतायत. मधेच पावडरचं करून बघितलं. फुर्रर्र!

शेवटची पिशवी टबात तरंगत होती, तेवढ्यात नेहाचा व्हिडिओ कॉल. पलंगावर टेकून बसलेली, हाताला सलाईन, चेहरा उतरलेला.

"प्यायली का रे?"

"नेहा, तू घाबरू नकोस... दूध सगळं खराब झालंय."

"खराब म्हणजे?"

"फाटलंय."

"वर साय आणि खाली पाणी?"

"हो! तुला कसं कळलं?"

तिने एकदम हळू आवाजात विचारलं, "साबणासारखा वास?"

"हो ना!"

"अरे राजा, ते तसंच दिसतं. नुसती पिशवी हलक्या हाताने गोल गोल फिरवायची, एक होतं. तेच सांगत होते तुला. आणि तो वास माझ्या दुधाला पहिल्यापासून येतो. तिला चालतो." मग म्हणाली, "किती ओतलंस?"

सासूबाईंनीच फोन ओट्याकडे वळवला. ओट्यावर रिकाम्या पिशव्यांचा ढीग. नेहाने तोंडावर हात घेतला. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे हलत होते. शिव्या घातल्या असत्या तर मी उभा तरी राहिलो असतो.

मग तिनेच डोळे पुसले. "एखादी राहिलीय का?"

राहिलेली! मी ती टबातून उचलली, हलक्या हाताने गोल गोल फिरवली. पिवळं आणि निळं एकमेकांत विरघळलं आणि दुधासारखं दूध झालं. बाटलीत ओतलं, मनगटावर थेंब टाकून बघितला, मुक्ताला मांडीवर घेतलं. फोन सासूबाईंनी समोर धरला.

पुढे मुक्ता पावडरला सरावली. चांगली गुटगुटीत झालीय. नेहाचे उपचार अजून चालू आहेत, डॉक्टरीण बाई म्हणतात गाठ लहान होतेय. पण त्या दुपारी तिकडे सलाईन थेंबथेंब चाललेलं आणि इकडे मुक्ता आईचं शेवटचं दूध पीत होती, डोळे मिटून, घटाघट. नेहा पापणी न हलवता बघत होती. माझ्या डोळ्यांना धार लागलेली, हनुवटीवरून टपटप खाली, बाटलीवर, मुक्ताच्या गालावर.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला, रडका, पण आतून हसू फुटलेला:

"अरे दूधवाल्या, डोळे पूस आधी! निदान माझ्या दुधात तरी पाणी घालू नकोस!"