मोटेवरचं कांतारे

देवळाली प्रवरा गावचा गोरक्षनाथ लढाईवरून परतला तो छातीवर बिल्ला आणि जिभेवर इटालियन घेऊन. इटलीत पलटणीची खेचरं हाकताना त्याचा मुक्काम एका मास्तरणीच्या गोठ्यात पडला होता. ती लाकडी पळीने टेबल बडवत क्रियापदं फोडून शिकवायची. कां-ता-रे, म्हणजे गाणं, जोर 'ता'वर. लेज्-जे-रे, म्हणजे वाचणं, जोर पहिल्यालाच. जोर चुकला की पळी टेबल सोडून याच्या डोक्यावर! असं शिकलेलं माणूस विसरेल कसं?

गावी आल्यावर त्याने तेच मोटेवर चालवलं. बाकीचे मोटेवर गाणी म्हणत, हा "कांऽऽऽ" असा सूर लांबवी, तोवर विहिरीत मोट भरे, आणि "ता!" म्हणताच बैल उताराला लागत. एकदा त्याने 'लेज्जेरे' म्हणून पाहिलं. पहिल्याच अक्षराला बैल सुटले नि मोट निम्मी रिकामी वर आली. तेव्हापासून वाचन बंद, गाणं चालू. शेजारच्या मळ्यात मला तर ते ऐकायला भारी मजा यायची.

पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? गोरक्षनाथाला गोऱ्या बाईचं भूत लागलंय, अशी कंडी पिकली ती पार पाथर्डीला त्याच्या सासऱ्यापर्यंत पोचली. पुंजाराम लेकीला न्यायला हजर! लंकाबाई रडली, म्हातारा ऐकेना.

"येड्याच्या घरी माजी लेक ठेवायची न्हाई."

गाठोडं बांधावर आलं. जाताजाता शेवटचं पाणी देते म्हणून लंकाबाई वाफ्यात दारं धरायला उतरली. गोरक्षनाथाने हात जोडले. "मामा, येडा मी का बैल, तुमीच बघा. एक मोट हाका."

पुंजाराम मोटेच्या नाड्यावर बसला. "चल रं राजा!" बैल ढिम्म. त्याने गाणं म्हटलं, शिव्या घातल्या, आसूड उगारला. शेवटी इकडेतिकडे बघत, लाजत तो जावयाचं "कांतारे" म्हणाला, पण सगळा जोर 'कां'वर. बैल गोंधळून जागीच पाय आपटू लागले.

तेवढ्यात वाफ्यातून लंकाबाई ओरडली, "आबा, आदी 'कां' लांबवा! मोट भरू द्या! जोर 'ता'वर!"

"कांऽऽऽ... ता!"

बैल निघाले. पाटातून पाणी खळखळत आलं. पुंजाराम लेकीकडे बघतच राहिला. "तू बी का गं?"

"व्हय, मी बी," गुडघाभर चिखलात उभी लंकाबाई म्हणाली. "दिसभर ऐकते. मला लई आवडतं. गानं बी, आन गानारा बी. आता गाठोडं सोडा, आबा, आन मोट हाका. निम्मा वाफा कोरडाच हाय."