छावणीतला पिक्चर

दुष्काळाच्या साली आमचं बिऱ्हाड धारूरच्या खाली, सोसायटीच्या चारा छावणीत होतं. बैलजोडी होती म्हणून चारा मिळायचा, आणि बैलांच्या शेजारी आम्ही दोघं. उसाची गाडी उलटून नवऱ्याचं कमरेखालचं अंग गेलेलं. ऊसतोडीला मुकादम जोडीच नेतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. आमचा कोयता मोडला होता. रोज सकाळी बैलगाडीच्या आडोशाला मी त्यांना तांब्याभर पाण्यात पुसून काढायची.

एका संध्याकाळी सोसायटीनं पडदा लावून पिक्चर दाखवला. त्यातला हीरोही असाच, लुळा. बायको त्याला अंघोळ घालते तिथं तरण्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मेल्यांनो, तुमच्या आया तुम्हाला पुसत नव्हत्या का! माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवरा मात्र पापणीसुद्धा हलवत नव्हता. पुढं बायकोचा जन्म वाया जाऊ नये म्हणून हीरो मुद्दाम भरलं ताट फेकतो, नको नको ते बोलतो, भिंतीकडं तोंड करतो. ती बिचारी निघून जाते. काय काम केलं होतं त्या नटानं! अख्खी छावणी रडली.

पुढच्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ मला कायमचं माहेरी, केजला न्यायला आला. घरात माझं दुसरं लग्न लावून द्यायचं घाटत होतं. मी नाही म्हणायच्या आत नवऱ्याचं ताट खणकन माझ्या पायाशी येऊन पडलं.

"तुझं तोंड बघू वाटत न्हाई. जा!" म्हणाले, आणि तोंड फिरवलं. भिंत नव्हती, म्हणून बैलाकडं.

भावाला ते खरंच वाटलं. "आक्का, चल," म्हणाला.

मला आधी हसू आलं, मग असला संताप आला! "पिक्चर म्याबी बघितलाय," मी ओरडले. "त्यानं भरलं ताट फेकलं होतं. तुमी भाकर काढून घेतली आन् रिकामं फेकलं. कुटं हाय भाकर?"

त्यांनी उशाखालून फडकं काढलं. आत भाकर, वर ठेचा, नीट गाठ मारलेली.

"केजपतोर लई लांब हाय," बैलाकडंच बघत म्हणाले. "वाटंत भूक लागंल तुला."

फडकं मी उचललं आणि भावाच्या हातात दिलं.

"घे रं," म्हटलं, "वाटंत खा."