युद्धात टायपिंग करणाऱ्या आजी

आमच्या श्रूजबरीतल्या शेजारच्या आजींइतकी घट्ट तोंडाची बाई उभ्या अमेरिकेत सापडायची नाही. शंभरी ओलांडलेल्या या बाईंना डॉक्टरांनी "कुठे दुखतंय?" विचारलं, तर आधी त्यांचाच प्रश्न, "हे कोणाकोणाला कळणार?" दारात पोस्टमन आला तरी हातातलं शब्दकोडं उपडं. मी ॲपल पायची कृती मागितली, ती त्यांनी दिलीही, फक्त ओव्हन किती तापवायचा तेवढं सोडून!

डोकं मात्र विलक्षण. माझ्या वाणसामानाच्या मराठी चिठ्ठ्या त्या महिनाभर नुसत्या बघत होत्या. एक दिवस एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा कांदा. प्रत्येक चिठ्ठीत हा असतो, आणि तुझ्या पिशवीतही दर वेळी कांदे." पुढच्या आठवड्यात बटाटेही पकडले. मी चाटच पडले. हे कुठे शिकलात, विचारलं, तर म्हणे, "युद्धात टायपिंग करायचे मी."

टायपिंग कसलं! दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या पहिल्या मोजक्या बायकांपैकी त्या एक, हे गेल्या वर्षी लायब्ररीवाल्यांनी सत्कार ठरवला तेव्हा आम्हाला कळलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. भेटेल त्याला मी "आमच्या आजी" म्हणून अभिमानाने सांगत सुटले. आजी मात्र सत्काराला तयार होईनात. गुप्ततेची शपथ घेतलेली. यजमान त्याच युद्धात बोटीवर होते, आणि "मी लढलो, हिने टाइप केलं" असं आयुष्यभर चिडवत राहिले. सरकारने बंदी उठवली तोवर ते गेलेले.

"त्याला जे सांगितलं नाही, ते गावाला कसं सांगू?" असं त्यांचं म्हणणं.

खूप आर्जवं केल्यावर एकदाच्या "येते" म्हणाल्या. सत्काराच्या सकाळी आम्ही न्यायला गेलो, तर त्यांनी गाडी आधी दफनभूमीकडे वळवायला लावली. आम्हाला गाडीतच बसवून वॉकर ढकलत एकट्या आत गेल्या. अर्धा तास झाला.

"अगं, लायब्ररीतून तिसरा कॉल आला यार, प्रोग्राम कॅन्सल करतील!" माझा नवरा कुरकुरला.

"करू देत," मी म्हटलं.

दूर एका थडग्यापाशी त्या हातवारे करत बोलत होत्या, मध्येच हसत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

परत येऊन त्यांनी सीटबेल्ट लावला. डोळे ओले होते, मान ताठ.

"चला," म्हणाल्या, "आता कोणालाही सांगायला हरकत नाही."