ओल्या दगडाला हात न लावणारा

पूर्णा नदीकाठच्या कपारीत चुनखडीचे पांढरे सुळके लोंबत. केदारखेड्याचा एक भट्टीवाला ते फोडून जहागीरदाराच्या कचेरीसाठी चुना भाजी. जहागीरदाराविरुद्ध तेव्हा आमच्या सभा चालल्या होत्या; मी जाऊन ठणकावलं, "मामा, ही रयतेची दौलत आहे. बंद करा!"

तो प्रत्येक सुळक्याच्या टोकाला बोट लावून बघे आणि कोरडा निघेल तेवढाच फोडी.

"ओला अजून वाढून राह्यलाय, दादा. जहागीरदाराचा हुकूम आला तरी त्याला हात न्हाई लावायचा."

सभेत जुलमाचा पुरावा म्हणून दाखवायला मी सकाळीच एक सुळका तोडून पिशवीत घातला होता. पिशवीला ओल आली होती. त्यानं ती चाचपली.

"सभेत माझं नाव नका घेऊ. ह्यो म्या फोडला न्हाई."

म्हणून इथंही घेतलेलं नाही.