जरा आंबट

नेइल्हौ गेला त्या दिवशी केविनुओच्या पाटीतल्या साळीला मोड फुटले होते. नवऱ्याला अंगणाच्या कडेला मातीत ठेवून ती घरात आली आणि ते मोड वाळत घातले. रडू आलं नाही. आत काहीच हलत नव्हतं. चार दिवसांनी तिनं मोड कुटले, तांदळाची पेज निवायला ठेवली, पीठ कालवलं.

चाळीस वर्षं ती नवऱ्यासाठी झुथो, तांदळाची घरगुती दारू, लावत आली, पण थेंबही कधी चाखला नव्हता. तिचा बाप्तिस्मा लग्नाआधीच झालेला. पिणाऱ्याचं नाव चर्चमधून कापतात. नेइल्हौ जुन्या धर्माचा, त्याला त्याचं काय! दर खेपेला पहिला घोट घेऊन तो तोंड वाकडं करायचा. "जरा आंबट झालीय," म्हणायचा आणि तीन मग रिचवायचा. ती खट्टू व्हायची. पुढच्या वेळी पेज जास्त निवू द्यायची, पीठ चिमूटभर कमी घालायची. वाक्य तेच.

जाताना त्यानं एकच मागितलं होतं. "एक मग माझ्यावर ओत. आंबट नको हं."

झुथो तयार झाली तेव्हा धाकटा दीर विसिए आला. तो चर्चमधला पंच.

"वहिनी, वास रस्त्यापर्यंत येतोय. पिणारा गेला, आता मडकं पालथं घाला."

"त्याचा एक मग बाकी आहे."

"मातीला काय चव कळणार?"

"बिघडलेली नाही द्यायची. आधी चाखावी लागेल."

"चाखणार कोण? तुम्ही?" तो हसला, मग हसायचा थांबला. "रविवारी तुमचं नाव मलाच वाचावं लागेल, वहिनी."

"वाच. मोठ्यानं वाच, मला हल्ली कमी ऐकू येतं."

विसिए निघून गेला. बांबूचा मग भरून ती थडग्यापाशी बसली आणि तिनं घोट घेतला.

गोड होती. हलकी, तांदळाच्या वासाची. आंबटपणाचा मागमूस नाही. तिनं पुन्हा चाखली. पीठ नेहमीचंच, पेज नेहमीसारखीच निवलेली.

"लबाडा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला राग आला, आणि त्यामागून रडू. चाळीस वर्षांचं भांडण काढायचं होतं आणि भांडायला माणूस नव्हता.

अर्धा मग तिनं पिऊन टाकला. उरलेला मातीवर ओतला.

"जरा आंबट झालीय," ती म्हणाली.